श्रमदान करा, बेकारी भत्ताही मागा

होळीच्या सुमारास चोपडा तालुक्यातल्या सातपुड्याकडच्या पाड्यांवर माणसं घरी येतात. ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला गेलेली कुटुंबं भोंगऱ्याच्या बाजारासाठी परततात, आणि त्यानंतर हाताला काम नसलेले उन्हाळ्याचे दिवस सुरू होतात. तापीकाठच्या केळीच्या बागांतली मजुरी सगळ्यांना पुरत नाही. याच दिवसांत गावोगावी श्रमदान निघतं. नाल्यातला गाळ काढणं, चर खोदणं, दगडी बांध घालणं, पावसाळ्याआधी पाड्याचा रस्ता नीट करणं ही कामं तेव्हाच उरकावी लागतात. रोजगार हमीच्या कामाची मागणी करण्याचे दिवसही हेच.

मग पाड्यावर प्रश्न निघतो, "श्रमदानाला जातो म्हणून बेकारी भत्ता बुडतो का?" आणि कुणीतरी ठासून सांगतं, "काम करताय ना, मग बेकार कसले?" एवढ्यावर पुष्कळ माणसं अर्जच देत नाहीत.

उत्तर असं आहे, की भत्ता बुडत नाही. श्रमदान तुम्ही मर्जीने देता आणि भत्ता तुमचा कायद्याने ठरलेला हक्क आहे. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. त्यासाठी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: अर्जाची तारीख कागदावर हवी, कामाचं बोलावणं आलं की जायची तयारी हवी, आणि श्रमदानाची नोंद मजुरीच्या हजेरीपासून वेगळी हवी. पुढची सगळी कृती या तीन गोष्टींसाठीच आहे.

आधी कायदा समजून घ्या

कामाच्या हक्काला कायद्याचा आधार देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने दिला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली झाला. २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला, तोच मनरेगा. त्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला आर्थिक वर्षात १०० दिवसांच्या अकुशल कामाची हमी दिली.

या कायद्याचं कलम ७ बेकारी भत्त्याचं आहे. अर्ज दिल्यापासून, किंवा अर्जात पुढची तारीख मागितली असेल तर त्या तारखेपासून, १५ दिवसांत काम मिळालं नाही तर अर्जदाराला रोजचा भत्ता मिळाला पाहिजे. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ३० दिवसांसाठी तो मजुरी दराच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यापुढे किमान निम्मा. हा पैसा राज्य सरकारने द्यायचा असतो.

भत्ता कधी थांबतो, हेही त्याच कलमात दिलं आहे. ग्रामपंचायतीने किंवा कार्यक्रम अधिकाऱ्याने कामावर यायला सांगितलं, तर थांबतो. मागितलेली मुदत संपली आणि घरातलं कुणीच कामाला आलं नाही, तर थांबतो. कुटुंबाचे १०० दिवस भरले, किंवा मजुरी आणि भत्ता मिळून १०० दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम झाली, तरी थांबतो. या यादीत श्रमदान नाही. अर्जदार घरी रिकामा बसलेला असावा, अशी अटही त्या कलमात नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस १२५ झाले आहेत, आणि पेरणी-काढणीच्या हंगामात मिळून ६० दिवस कामं बंद ठेवण्याची तरतूद आहे. १५ दिवसांत काम नाही मिळालं तर भत्ता, आणि तो राज्याने द्यायचा, हे तत्त्व त्यातही आहे. खालची कलमं आणि हिशेब मनरेगाचे आहेत. अर्ज देताना आपल्या ग्रामपंचायतीत कोणता कायदा लागू आहे आणि बंदचे दिवस कोणते जाहीर झाले आहेत, हे पंचायत समितीत विचारून घ्या.

काय काय लागेल

- कुटुंबाचं जॉब कार्ड. ते तुमच्याच घरी असायला हवं. रोजगार सेवकाकडे किंवा मुकादमाकडे पडलेलं असेल तर आजच मागून आणा.
- आधारशी जोडलेलं बँक किंवा पोस्टाचं खातं.
- कामाच्या मागणीचा अर्ज, नमुना ४. त्याच्या दोन प्रती.
- एक शंभर पानी वही, फक्त श्रमदानासाठी.
- कागद ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी. पाड्यावरच्या घरात पावसाने भिजलेली पावती काही कामाची राहत नाही.

कृती

१. जॉब कार्ड चालू आहे का, ते तपासा. कार्ड ५ वर्षांसाठी असतं. घरातल्या १८ वर्षांवरच्या प्रत्येक कामकरी माणसाचं नाव त्यावर आहे का, ते बघा. नवी सून आणि नुकताच १८ पूर्ण झालेला मुलगा यांची नावं हमखास राहून जातात. कार्डच नसेल तर ग्रामपंचायतीत नोंदणीचा अर्ज द्या. १५ दिवसांत कार्ड मिळायला हवं.

२. अर्ज गटाने द्या. एकट्या माणसालाही अर्ज देता येतो. पण नवं काम सुरू करायला साधारणपणे किमान १० मजूर लागतात, आणि दहा-पंधरा जणांचे अर्ज एकाच दिवशी गेले की ते बाजूला सारणं कुणालाही जड जातं. श्रमदानाचा गट आधीच जमलेला असतो. तोच गट एक दिवस कुदळ-पावडी ठेवून ग्रामपंचायतीत जाऊ द्या.

३. मुदत जास्त मागा. ही पायरी नीट समजून घ्या, कारण भत्ता सर्वांत जास्त इथेच बुडतो. अर्ज किमान सलग १४ दिवसांच्या कामासाठी करता येतो, म्हणून बरेच जण १४ दिवसच लिहितात. सरकारच्या हातात काम द्यायला १५ दिवस असतात. तोवर तुमची मागितलेली मुदतच संपून जाते, आणि मुदत संपली की भत्त्याची जबाबदारीही संपते. म्हणून ३०, ४५ किंवा ६० दिवसांची मागणी लिहा. 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' या दोन्ही तारखा अंकांत लिहा.

४. अर्जात श्रमदानाचा उल्लेख स्वतःहून करा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, आणि आधी लिहून दिलेली गोष्ट नंतर कुणी तुमच्याविरुद्ध वापरू शकत नाही. छापील नमुन्याला जोडून साध्या कागदावर एवढं लिहिलं तरी पुरे:

"आम्ही खाली सही / अंगठा करणारे जॉब कार्डधारक दि. ___ पासून दि. ___ पर्यंत रोजगार हमीचे काम मागत आहोत. काम मिळेपर्यंतच्या काळात आम्ही गावात विनामोबदला श्रमदान करणार आहोत. त्याची कोणतीही मजुरी आम्ही घेत नाही. कामाची सूचना मिळताच आम्ही हजर होऊ. १५ दिवसांत काम न मिळाल्यास कायद्याप्रमाणे बेकारी भत्ता मिळावा."

५. पावतीशिवाय ग्रामपंचायतीतून निघू नका. अर्जाची तारीख असलेली पावती देणं बंधनकारक आहे. पावतीवर चार गोष्टी बघा: आवक क्रमांक, अर्ज मिळाल्याची तारीख, घेणाऱ्याची सही आणि ग्रामपंचायतीचा शिक्का. तारीख आणि शिक्का यांपैकी एकही नसेल, तर पुढे तुमची बाजू लंगडी पडते. रोजगार सेवक जागेवर नसेल तर अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे द्या. तिथेही घेत नसतील तर चोपड्याला जाऊन थेट कार्यक्रम अधिकाऱ्याकडे द्या. महाराष्ट्रात तालुक्याचे तहसीलदार हे कार्यक्रम अधिकारी असतात आणि गट विकास अधिकारी सह कार्यक्रम अधिकारी. अर्ज त्यांच्याकडेही देता येतो, हे कायद्यातच आहे. तालुक्याच्या ठिकाणी गेलात तर आवक-जावक टेबलावर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

६. संगणकातली तारीख जुळवा. भत्त्याचा हिशेब शेवटी संगणकातल्या मागणीच्या तारखेवर होतो. अर्ज २ एप्रिलला दिला आणि नोंद २० एप्रिलची झाली, तर मधले दिवस गेले. म्हणून तीन-चार दिवसांनी गावातल्या शिकलेल्या मुलामुलींपैकी कुणाला तरी मनरेगाच्या संकेतस्थळावर जॉब कार्ड उघडून बघायला सांगा. महाराष्ट्र, जळगाव, चोपडा, मग ग्रामपंचायत, असं निवडत गेलं की कार्डांची यादी येते. तारीख चुकीची पडली असेल तर पावतीची झेरॉक्स जोडून त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्या.

७. श्रमदानाची वही घाला. प्रत्येक पानावर तारीख, ठिकाण, कामाचा प्रकार, वेळ आणि हजर माणसांची नावं व सह्या घ्या. पानाच्या तळाशी रोज एक ओळ लिहा: "आजचे काम विनामोबदला." एक नमुना असा: "१२ एप्रिल. पाड्याच्या वरच्या नाल्यात दगडी बांध. सकाळी ६ ते ९. हजर १४. आजचे काम विनामोबदला." वेळ लिहिण्याला विशेष महत्त्व आहे. सकाळी तीन तास श्रमदान करणारा माणूस कामाचं बोलावणं आल्यास जाऊ शकतो, हे त्या एका नोंदीतून सिद्ध होतं.

८. श्रमदानाची जागा आणि हमीच्या कामाची जागा एक होऊ देऊ नका. श्रमदान सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीत विचारा, की हा नाला, हा चर रोजगार हमीच्या आराखड्यात मंजूर आहे का. असेल तर तिथे फुकट राबू नका. ते काम तुमच्या मजुरीचं आहे, ते सुरू करून मागा. श्रमदानातून झालेलं खोदकाम पुढे हमीचं काम म्हणून मोजलं गेलं आणि त्याचं मस्टर निघालं, तर तुमच्या नावावर न मिळालेली मजुरी आणि न भरलेले दिवस चढतात. तुमचे १०० दिवस कागदावर संपतात आणि भत्ताही जातो. श्रमदानाच्या जागेचे काम सुरू होण्यापूर्वीचे आणि नंतरचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

९. बोलावण्यावर लक्ष ठेवा. कामाची सूचना पत्राने येते आणि ग्रामपंचायतीच्या फलकावरही लागते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत हजर झालं नाही, किंवा दिलेलं काम नाकारलं, तर पुढचे तीन महिने भत्ता मागता येत नाही. कामावर लागल्यानंतर परवानगीशिवाय सलग एका आठवड्याहून जास्त, किंवा एका महिन्यात मिळून एका आठवड्याहून जास्त गैरहजर राहिलं, तरीही हाच नियम. काम मागण्याचा हक्क मात्र तेव्हाही राहतो. गटातल्या एकाने दर दोन दिवसांनी फलक बघून यायचं, असं ठरवून टाका. बोलावणं आलं की श्रमदान पहाटे करा, संध्याकाळी करा किंवा थांबवा. आधी मजुरी. कामाचं ठिकाण गावापासून ५ किलोमीटरपेक्षा लांब असेल तर १० टक्के जादा मजुरी मिळते, तीही सोडू नका.

१०. सोळाव्या दिवशी भत्त्याचा अर्ज द्या. १५ दिवस भरले आणि काम आलं नाही, की दुसऱ्याच दिवशी कार्यक्रम अधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्या. सोबत मागणीच्या पावतीची आणि जॉब कार्डाची झेरॉक्स जोडा. याचीही पोच घ्या. देय झाल्यापासून १५ दिवसांच्या आत भत्ता द्यायचा किंवा देऊ करायचा, असं कलम ७ सांगतं.

११. नकार आला तर लेखी मागा. "श्रमदान करताय म्हणून मिळणार नाही," असं तोंडी सांगितलं तर शांतपणे म्हणा, "साहेब, हेच कागदावर लिहून द्या, आणि कोणत्या कलमाखाली तेही लिहा." त्यानंतर कार्यक्रम अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवा. त्यांनी ती नोंदवहीत घेऊन सात दिवसांत निकाली काढायची असते. तिथे दाद लागली नाही तर जळगावला जिल्हाधिकारी कार्यालयातल्या रोजगार हमी शाखेकडे आणि मनरेगाच्या लोकपालांकडे जा. माहितीच्या अधिकारात मागणी नोंदवही आणि त्या काळातली मस्टरं मागता येतात.

१२. ग्रामसभेत वाचून दाखवा. कामांचं सामाजिक अंकेक्षण करण्याचा अधिकार कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. किती जणांनी काम मागितलं, किती जणांना किती दिवसांत मिळालं आणि किती जणांना भत्ता देय आहे, ही यादी ग्रामसभेत वाचा आणि इतिवृत्तात घ्यायला लावा. श्रमदानाची वहीही तिथेच ठेवा. सगळ्या गावासमोर उघड झालेल्या नोंदीवर उद्या कुणी शंका घेऊ शकत नाही.

हिशेब करून बघा

२०२५-२६ साली महाराष्ट्रात मनरेगाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्याचा चौथा हिस्सा ७८ रुपये आणि निम्मा १५६ रुपये.

समजा, एका बाईने २ एप्रिलला अर्ज दिला आणि ३ एप्रिल ते १७ मे असं ४५ दिवसांचं काम मागितलं. ३ एप्रिलपासूनचे १५ दिवस १८ एप्रिलला भरतात. काम आलं नाही, तर १९ एप्रिलपासून भत्ता सुरू होतो. १७ मेपर्यंत २९ दिवस होतात. २९ गुणिले ७८, म्हणजे २,२६२ रुपये. तिने मुदत ३० जूनपर्यंत मागितली असती, तर पहिल्या ३० दिवसांचे २,३४० रुपये आणि १९ मेपासून पुढचे दिवस १५६ रुपयांच्या दराने, असा हिशेब झाला असता. याच काळात ती रोज सकाळी श्रमदानाला गेली, म्हणून यातला एक रुपयाही कमी होत नाही. उलट २ मे रोजी तिला कामाचं पत्र आलं, तर भत्ता तिथे थांबतो आणि ३१२ रुपयांची मजुरी सुरू होते. घरात दोघा-तिघांनी अर्ज दिला असेल तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडा, पण १०० दिवसांची मर्यादा सगळ्या कुटुंबाची मिळून धरा.

या गोष्टी कटाक्षाने टाळा

- मजुरी किंवा मानधन मिळणाऱ्या कामाला श्रमदान म्हणू नका. दिवसाला ठरलेले पैसे किंवा धान्य हातात पडत असेल, तर ती मजुरीच. एक खोटी नोंद सापडली की खऱ्या नोंदींवरचाही विश्वास जातो.
- कोऱ्या मस्टरवर किंवा कोऱ्या कागदावर सही, अंगठा देऊ नका. श्रमदानाच्या गटाचा फोटो हमीच्या कामाची हजेरी म्हणून वापरू देऊ नका.
- "आम्हाला काम नको, आम्ही श्रमदानात आहोत," असं लिहून देऊ नका. ते दिलेलं काम नाकारल्याचं मानलं जाऊ शकतं.
- ऊसतोडीची उचल घेऊन गावाबाहेर गेलेल्या माणसाच्या नावाने मागणीचा अर्ज देऊ नका. बोलावणं आलं तर तो हजर होऊ शकणार नाही.

कारखान्यातली नोकरी गेली असेल तर

चोपडा तालुक्यातले तरुण जळगावच्या औद्योगिक वसाहतीतही कामाला जातात. पगारातून राज्य विमा, म्हणजे ईएसआयसीची कपात होत असेल आणि नोकरी गेली असेल, तर वाट वेगळी आहे. २०१८ पासून 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आहे. तिच्यात बेकारीच्या काळात सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदा मिळते. निवृत्तीमुळे, स्वेच्छानिवृत्तीमुळे किंवा गैरवर्तनाबद्दल काढल्यामुळे नोकरी गेली असेल तर ती मिळत नाही. आधी किती काळ वर्गणी भरलेली असावी, याच्या अटी ईएसआयसीच्या शाखेत विचारा. त्या ९० दिवसांत मोबदल्याचं काम करता येत नाही, म्हणून इथेही श्रमदानाची वही घाला. मानधन मिळत असेल तर ते उघड सांगा.

श्रमदान सोडू नका

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एवढ्या भानगडीपेक्षा श्रमदानच बंद करू. तसं करू नका. खानदेशातलं पाणी आणि जंगल ज्यांनी राखलं, त्यांत बिनमोबदला राबणाऱ्या हातांचा वाटा मोठा आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने स्वतःचे नियम करून, स्वतः राखण करून चारशेहून अधिक हेक्टर जंगल उभं ठेवलं. त्या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत अमळनेर-पारोळ्याकडच्या गावांनी भर उन्हाळ्यात चर खोदले. वैजापूर, सत्रासेन, उमर्टीकडच्या सातपुड्यातही असं काम व्हायला हवं.

पण गावासाठी घाम गाळणारा माणूस त्याच उन्हाळ्यात उपाशी राहू नये. श्रमदान मिळतंय म्हणून हमीची कामं काढायची गरज नाही, असं प्रशासनाला वाटायला लागलं, तर श्रमदान हा गरिबाच्या मजुरीवरचा बोजा ठरेल. म्हणून श्रमदानाच्या पहिल्याच दिवशी, कुदळ हातात घेण्याआधी, नमुना ४ भरा आणि शिक्का मारलेली पावती घरी आणा. तुमच्या पाड्यावर लिहिता-वाचता येणारा एक मुलगा किंवा एक मुलगी असेल, तर त्यांना ही कृती द्या आणि शेजारच्या दहा घरांचे अर्ज त्यांच्याकडून भरून घ्या.